उण्या आकड्याचा डाव

बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेत फेरी सुरू होण्यापूर्वी अर्धाएक तास भिंतीवर एक कागद डकवला जातो, आणि तो डकवला जाण्याचाच अवकाश, की सभागृहात इतस्ततः पांगलेली माणसे, आठ वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या पेन्शनरापर्यंत, त्याच्याभोवती दाटीवाटीने उभी राहतात. ‘पेअरिंग लागले’ असे खेळाडूंच्या बोलीत म्हणतात. कोणाची गाठ कोणाशी, कोणत्या पटावर, मोहरी पांढरी की काळी, हे सारे त्या कागदावर लिहिलेले असते. परंतु बघणाऱ्याची नजर यांपैकी कशावरही न ठरता प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढील चार अंकी संख्येकडे धाव घेते. ती संख्या म्हणजे त्याचे गुणांकन, खेळाडू ज्याला ‘रेटिंग’ म्हणतात ते. ती आपल्याहून दोनशे-अडीचशेंनी मोठी निघाली, की मघापर्यंत प्रारंभाच्या खेळ्यांची मनातल्या मनात उजळणी करणारा मुलगा एकाएकी गप्प होतो. लहान निघाली, तर तोच मुलगा वडिलांकडे धावत जाऊन ‘बाबा, आजचा डाव सोपा आहे’ असे सांगतो. पट अजून मांडलेला नसतो, घड्याळाची कळ दाबली गेलेली नसते, एकही प्यादे हललेले नसते, आणि तरीही त्या दोन मनांत एक निकाल लागून गेलेला असतो. अशा सभागृहांच्या बाहेरील बाकांवर पालक म्हणून मी पुष्कळ रविवार काढले आहेत, आणि हे दृश्य प्रत्येक वेळी पाहताना मला एक प्रकारची व्यथा वाटत आली आहे.

त्या दिवशी संध्याकाळी लहान संख्येच्या मुलाने मोठ्या संख्येच्या माणसाला हरवले, तर त्याची वार्ता कशी सांगितली जाते हेही पाहण्यासारखे असते. ‘धक्कादायक निकाल’, ‘अनपेक्षित पराभव’, ‘अमुक गाफील राहिले’, ‘तमुकांची घोडचूक’ अशी शब्दयोजना वर्तमानपत्रांतही होते आणि सभागृहाच्या पायऱ्यांवरही होते. जिंकणाऱ्याने काय केले, याची वास्तपुस्त क्वचितच होते. हरणाऱ्याचे काय बिघडले, त्याला ताप होता काय, प्रवासाचा शीण होता काय, याची चौकशी मात्र कसून होते. या शब्दयोजनेत एक अन्याय आहे आणि तो अन्याय गुणांकन या वस्तूविषयीच्या गैरसमजुतीवर उभा आहे, असे माझे म्हणणे आहे. कमी गुणांकनाच्या खेळाडूचा विजय हा नियमाला पडलेला अपवाद नसून तो नियमाचाच एक भाग आहे, ही गोष्ट आपण समजून घेतली, तर त्या मुलाला त्याच्या श्रमाचे माप पदरात मिळेल. आणि कोणाला पटावर बसू द्यावे व कोणाला नाही, या अधिक गंभीर प्रश्नाकडेही आपण निराळ्या दृष्टीने पाहू लागू.

गुणांकनाची पद्धती जन्मालाही आली नव्हती, अशा काळातील एक डाव प्रथम घेतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे एक गाव आहे, आणि नाताळच्या सुमारास तेथे भरणारी बुद्धिबळ स्पर्धा साऱ्या युरोपात प्रतिष्ठा पावलेली होती. १९३०-३१ च्या हिवाळी स्पर्धेत क्यूबाचा होझे राऊल कॅपाब्लांका खेळत होता. हा मनुष्य १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. १९१६ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे, त्याने एकही स्पर्धात्मक डाव गमावला नव्हता. आणि बुद्धिबळाचे यंत्र असा त्याचा लौकिक होता. त्याच्यासमोर पांढरी मोहरी घेऊन बसला होता पंजाबातील खुशाबजवळच्या मिठा टिवाणा गावचा मीर सुलतान खान. त्याच प्रांतातील बडे जमीनदार आणि त्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या मंडळाचे सभासद असलेले सर उमर हयात खान यांच्या पदरी राहून तो १९२९ साली विलायतेस गेला होता. लहानपणी तो खेळ शिकला तो देशी रीतीचा, ज्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते आणि किल्लेकोटाची विलायती तऱ्हा नसते. आंतरराष्ट्रीय नियम त्याने वयात आल्यावर, अवघ्या काही वर्षांपूर्वी आत्मसात केले होते. ज्या प्रारंभशास्त्रावर युरोपातील खेळाडूंनी ग्रंथच्या ग्रंथ रचले होते, ते त्याला परकेच होते. विलायतेच्या थंडीने आणि हिवतापाने तो वरचेवर आजारी पडत असे. आजच्या पद्धतीने त्या दोघांच्या नावांपुढे संख्या लिहिल्या असत्या, तर कोणती मोठी व कोणती लहान, याविषयी त्या सभागृहात दुमत झाले नसते.

या डावाची गती मला विशेष मननीय वाटते. एरवी अशा विजयांच्या कथांत एखादी वीज चमकावी तशी खेळी असते, वजिराचे बलिदान असते, आणि वाचणाराही चमत्काराला दाद दिल्याप्रमाणे दाद देऊन मोकळा होतो. येथे तसे काही नाही. बाराव्या खेळीस सुलतान खानाने घोडा पुढे घातला आणि कॅपाब्लांकाच्या काळ्या घरांवरील उंटाशी त्याचा सौदा करून घेतला. याचे फळ असे, की त्याचे स्वतःचे दोन्ही उंट शाबूत राहिले. चौदाव्या खेळीपासून त्याने राजाच्या बाजूची प्यादी संथपणे पुढे रेटण्यास आरंभ केला. कॅपाब्लांकाने आपले दोन्ही हत्ती वजिराच्या शेजारच्या मोकळ्या पट्टीत एकामागे एक उभे केले, आणि एकविसाव्या खेळीस त्यांतील एक शह देत थेट पांढऱ्याच्या शेवटच्या रांगेत उतरला. या चढाईचा परिणाम असा झाला, की काळ्याने दोन्ही हत्ती देऊन पांढऱ्याचा वजीर मिळवला. कागदावरच्या हिशेबात हा व्यवहार फारसा विषम नव्हे. आणि वजीर हातात असलेला कॅपाब्लांका म्हणजे कोणाच्याही उरात धडकी भरवणारी गोष्ट. परंतु वजिराला जे हवे असते ते मोकळे मैदान त्या पटावर नव्हते. प्याद्यांच्या भिंती एकमेकींत अडकलेल्या होत्या, पांढरा राजा पटाच्या मध्यभागी असूनही त्या भिंतींआड सुखरूप होता, आणि काळा वजीर या घरातून त्या घरात, तेथून तिसऱ्या घरात जाऊन अखेर आपल्याच प्याद्यांच्या मागे परतला. त्यानंतर पांढऱ्याने घाई केली नाही. हत्ती एकेका पट्टीवर, उंट एकेका कर्णावर, असा तो वेढा आवळत गेला, आणि पासष्टाव्या खेळीस कॅपाब्लांकाने डाव सोडला.

या पासष्ट खेळ्यांत अपघात कोठे आहे? कॅपाब्लांकाने वजीर घेण्याचा निर्णय घेतला तो चुकला असे म्हणावे, तर तो निर्णय ज्या स्थितीतून सुचला ती स्थिती सुलतान खानाने घडवलेली होती. आणि ती चूक होती हे सिद्ध करण्यासाठी पुढे चाळीस खेळ्या निर्दोषपणे खेळून दाखवाव्या लागल्या, त्या कोणी दुसऱ्याने येऊन खेळल्या नाहीत. बुद्धिबळात प्रत्येक पराजय कोणत्या तरी चुकीतूनच निष्पन्न होतो, कारण दोन्ही बाजू निर्दोष राहिल्या तर डाव बहुधा बरोबरीत सुटावयाचा. मग कॅपाब्लांका जिंकतो तेव्हा आपण त्याला ‘खेळ’ म्हणतो, आणि कॅपाब्लांका हरतो तेव्हा त्याला ‘चूक’ म्हणतो, या पंक्तिप्रपंचाला आधार कोणता? मोठ्याच्या विजयाचे श्रेय मोठ्याला आणि मोठ्याच्या पराजयाचे श्रेयही मोठ्यालाच, अशी ही वाटणी आहे. लहानाच्या वाट्याला त्यात काहीच येत नाही.

सुलतान खानाच्या बाबतीत या वाटणीने आणखी एक रूप धारण केले. तो त्या स्पर्धेत तिसरा आला. १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदाचा मानकरी झाला. १९३१ साली प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये ब्रिटनच्या पहिल्या पटावर बसून फ्लोर आणि रुबिनस्टाइन या बलाढ्य खेळाडूंना त्याने हरवले. या सर्वांचा उलगडा करताना पाश्चात्य लेखकांनी वर्षानुवर्षे एकच चित्र रंगवले: निरक्षर, अबोल, सरदाराच्या घरी वाढपी म्हणून राबणारा एक पौर्वात्य इसम आणि त्याची अगम्य दैवी देणगी. त्याच्या वंशजांनी या चित्राला अलीकडे जाहीर हरकत घेतली आहे आणि ती वाजवी आहे असे मला वाटते. कारण ‘देणगी’ म्हटले की श्रम दिसेनासे होतात, ‘चमत्कार’ म्हटले की विचार नाकारला जातो. कॅपाब्लांका स्वतः मात्र या बाबतीत उदार होता. अशा प्रतिकूल परिस्थितीत विजेतेपद मिळवणाऱ्या या माणसाच्या ठायी असामान्य प्रतिभा आहे, अशी ग्वाही त्यानेच दिली. पराजिताने दिलेला हा दाखला टीकाकारांच्या अनेक दाखल्यांहून मोलाचा आहे.

आता गुणांकनाकडे वळू. ही पद्धती ज्याच्या नावाने ओळखली जाते तो आर्पाद एलो जन्माने हंगेरियन, व्यवसायाने अमेरिकेतील मिलवॉकी येथे पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, आणि स्वतः विस्कॉन्सिन राज्याचा अनेकवार विजेता ठरलेला खेळाडू होता. अमेरिकन बुद्धिबळ संघटनेने त्याची पद्धती १९६० साली स्वीकारली, जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० साली. तिचे मर्म थोडक्यात असे: कोणताही खेळाडू प्रत्येक दिवशी सारखाच खेळत नाही, त्याची कामगिरी एका मध्याभोवती वरखाली होत असते, आणि गुणांकन म्हणजे त्या मध्याचा अंदाज. दोघांच्या अंदाजांत जेवढे अंतर, तेवढी अपेक्षा झुकते. अंतर शंभराचे असेल, तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे ६४ गुण मिळवावेत. दोनशेंचे असेल, तर ७६. चारशेंचे असेल, तर ९१. विजयास एक गुण आणि बरोबरीस अर्धा, असा हा हिशेब आहे.

या शेवटच्या आकड्यांकडे उलट बाजूने पाहावे, अशी माझी विनंती आहे. दोनशेंचे अंतर असताना वरच्यास ७६ गुण मिळावयाचे, याचा अर्थ खालच्यास २४ मिळावयाचे. हे २४ गुण कोणाच्या मेहेरबानीने किंवा कोणाच्या पोटदुखीमुळे मिळणारे नव्हेत; ते त्या सूत्रातच त्याच्या नावे जमा धरलेले आहेत. इतकेच नव्हे, तर खालचा खेळाडू वरच्याकडून प्रत्येक वेळी हरू लागला, तर सूत्राच्या दृष्टीने तीच गोष्ट विपरीत ठरते, आणि दोघांच्या संख्यांत ताबडतोब दुरुस्ती होऊ लागते. सारांश, लहान आकड्याचा मनुष्य अधूनमधून जिंकतो म्हणूनच मोठ्या आकड्याला खरेपणा आहे. ज्या निकालाला आपण गुणांकनाचा भंग समजतो तो त्याचा आधारस्तंभ आहे. एलोला स्वतःला आपल्या मापाची मर्यादा पूर्ण ठाऊक होती. पाण्यावर वरखाली हेलकावे खाणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्याने हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या गजपट्टीने मोजावी, तसे हे मोजमाप आहे, अशा आशयाची उपमा त्याने दिली होती. माप शोधणाऱ्याच्या अंगी ही विनम्रता होती. माप वापरणाऱ्यांनी ती सोडून दिली आणि अंदाजाचे रूपांतर जातीच्या दाखल्यात केले.

कोणी म्हणेल की हे सर्व शंभर डावांविषयी ठीक आहे. परंतु एखादा डाव जिंकला म्हणून खालचा खेळाडू श्रेष्ठ ठरत नाही, पुढील दहा डाव मांडा आणि पाहा काय होते ते. हा आक्षेप अर्धा खरा आहे. श्रेष्ठतेचा निवाडा एका डावाने होत नाही, हे कोणीही मान्य करील. पण डाव हा केवळ नमुना नव्हे, एखाद्या पोत्यातून तपासणीसाठी काढलेला मूठभर दाणा नव्हे. तो आपल्या ठिकाणी पूर्ण अशी कृती आहे, तिला आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे, आणि ती जशी घडली तशीच कायमची राहते. पुढचे दहा डाव हरल्याने हेस्टिंग्जचा तो डाव वाईट होत नाही. मॅक्स युवे या डच खेळाडूचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. आम्स्टरडॅम येथे मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या गृहस्थाने १९३५ साली अलेखिनसारख्या प्रतापी जगज्जेत्याला १५½ विरुद्ध १४½ गुणांनी हरवून जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा फारच थोड्यांनी त्याच्याकडून ही आशा धरली होती. १९३७ च्या परतीच्या सामन्यात तो हरला, आणि तेवढ्यावरून १९३५ चा विजय म्हणजे अलेखिनची त्या वर्षीची ढिलाई असा निकाल देणारे पुष्कळ निघाले. मी त्या निकालाशी सहमत नाही. तीस डावांची ती लढत ज्याने जिंकली त्याने ती जिंकली. दोन वर्षांनंतरचा पराजय हा दोन वर्षांनंतरचा पराजय आहे, त्याला मागील तारखेने अंमल देता येत नाही.

युवेचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, किंबहुना या लेखातील माझ्या सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट तीच आहे. हेस्टिंग्जच्या ज्या स्पर्धेत सुलतान खानाने कॅपाब्लांकाला हरवले, त्या स्पर्धेत पहिला आला होता हाच युवे. पुढे १९७० ते १९७८ या काळात तो फिडेचा अध्यक्ष होता. एलोची पद्धती महासंघाने स्वीकारली ती त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी. आणि याच कारकिर्दीत, १९७६ साली, मुंबईच्या रोहिणी खाडिलकर या तेरा वर्षांच्या मुलीने पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा मोठे वादळ उठले. स्त्रियांना पुरुषांच्या स्पर्धेत प्रवेश असावा की नसावा, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि फिडेच्या अध्यक्षांनाही निर्णय द्यावा लागला. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय युवेने दिला. रोहिणीबाईंनी त्या स्पर्धेत राज्यविजेतेपद भूषवलेल्या खेळाडूंनाही नमवले. त्यांच्या भगिनी वासंती व जयश्री यांनीही राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवलेले होते. रोहिणीबाईंनी ते पाच वेळा मिळवले आणि १९८१ मध्ये आशियाई महिला विजेतेपदावरही नाव कोरले.

येथे गुणांकनाच्या बाजूने एक शब्द बोलणे मला भाग आहे. आतापर्यंतच्या विवेचनावरून मी आकड्यांचा वैरी आहे असा कोणाचा ग्रह झाला असेल, तर तो बरोबर नाही. आकड्यापूर्वी जे होते ते आकड्याहून वाईट होते. पूर्वी स्पर्धेस कोणाला बोलवावयाचे हे लौकिकावर, ओळखीवर, आश्रयदात्याच्या वजनावर ठरे. सर उमर हयात खान नसते, तर मिठा टिवाण्याच्या त्या माणसाला हेस्टिंग्जचा दरवाजा कोणी उघडला असता? १९३३ च्या अखेरीस सर उमर स्वदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतला. अवघ्या पाच वर्षांत त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली ती त्याचा खेळ संपला म्हणून नव्हे. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याबरोबरच्या दहा डावांच्या सामन्यात त्याने केवळ एक बरोबरी दिली आणि बाकीचे सारे डाव जिंकले. मोहरी तीच होती, बुद्धी तीच होती. केवळ सनद देणारा हात मागे घेतला गेला होता. लौकिक हा पराजयाची नोंद ठेवत नाही, तो सबबी शोधतो; आकडा मात्र हरलेल्याच्या खात्यातून गुण काढून जिंकलेल्याच्या खात्यात मांडतो आणि त्यात घराणे, गाव, लिंग, कशाचीही विचारपूस करत नाही. या दृष्टीने तो लोकसत्ताक आहे. माझी तक्रार आकड्याविरुद्ध नाही. त्या निःपक्षपाती हिशेबनिसाला आपण पुन्हा लौकिकाच्या गादीवर बसवले, याविरुद्ध आहे.

शिवाय या हिशेबनिसाचे दफ्तर नेहमी थोडे मागे चालते. शिकणाऱ्याचे सामर्थ्य आज वाढते आणि आकडा सहा महिन्यांनी वाढतो. कोरोनाच्या साथीत स्पर्धा बंद पडल्या, आकडे गोठले, परंतु घरोघरी मुले संगणकासमोर बसून शिकतच राहिली. सभागृहे पुन्हा उघडली तेव्हा सोळाशेंच्या आकड्यामागे अठराशेंचा खेळ दडलेला असल्याचा अनुभव अनेक जाणत्या खेळाडूंना आला. अखेर १ मार्च २०२४ पासून फिडेने दोन हजारांखालील गुणांकने एकवार सर्वत्र वर उचलली आणि किमान मर्यादा एक हजारावरून चौदाशेंवर नेली. ही तांत्रिक दुरुस्ती म्हणून वाचली गेली. मी ती एक कबुली म्हणून वाचतो. जगातील लाखो लहान आकडे खऱ्यापेक्षा लहान झाले होते, आणि त्यांच्या ज्या विजयांना आपण वर्षानुवर्षे धक्कादायक म्हणत आलो त्यांतील कित्येक विजय हे मुळी धक्के नव्हतेच, असे त्या दुरुस्तीत अध्याहृत आहे.

तरीही सर्वांत मोठे नुकसान दफ्तरात होत नाही, ते मनात होते. वरच्या आकड्याच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध चांगली स्थिती मिळवलेला मुलगा एकाएकी बरोबरीचा प्रस्ताव मांडतो, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. पटावर त्याचे एक प्यादे जास्त असते, घड्याळात वेळ असतो. पण त्याच्या दृष्टीपुढे पट नसतो, भिंतीवरचा तो कागद असतो. अर्धा गुण मिळाला हेच पुष्कळ, असे म्हणून तो उठतो आणि बाहेर त्याचे कौतुकही होते. अशा मुलाला हरवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला मोहरी हलवावी लागली नाही, हे त्याला समजावून कोणी सांगत नाही.

म्हणूनच २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकात जे घडले त्याने मला विशेष आनंद झाला. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख त्या स्पर्धेत पंधराव्या मानांकनाने उतरली होती. बाद पद्धतीच्या त्या स्पर्धेत तिने चौथ्या फेरीत दुसऱ्या मानांकनाच्या चीनच्या जू जिनरला हरवले. उपान्त्य फेरीत एके काळची महिला जगज्जेती तान झोंगयी हिच्याविरुद्ध पहिला डाव बरोबरीत सुटल्यावर दुसऱ्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी १०१ खेळ्या खेळून तिने विजय मिळवला. १०१ खेळ्या म्हणजे शंभराहून अधिक वेळा हात पुढे करण्यापूर्वी स्वतःला विचारणे, की हे बरोबर आहे ना. जो खेळाडू आकड्याशी खेळतो त्याला बरोबरीचा मोह अशा डावात वाटेवर अनेकदा भेटतो. अंतिम सामन्यात तिच्यासमोर कोनेरू हम्पी होती, जिने ग्रँडमास्टर हा किताब २००२ साली मिळवला तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोघींच्या गुणांकनांत सुमारे ऐंशीचे अंतर होते. एलोच्या सूत्राने पाहिले तर शंभर डावांत हम्पीला ६१ आणि दिव्याला ३९ गुण मिळावयाचे. इतक्या थोड्या फरकाला पर्वतप्राय कोणी म्हणू नये. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलै रोजी जलद डावांच्या दुसऱ्या लढतीत काळ्या मोहऱ्यांनी दिव्याने सामना जिंकला. एकही ग्रँडमास्टर निकष गाठीशी नसताना, या विजेतेपदाच्या नियमानुसार, ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. हम्पीच्या चुकीने हा विजय झाला असे म्हणणारे आवाज तेव्हाही कानी आले. हम्पीविषयी मला नितांत आदर आहे, आणि त्या आदरापोटीच मला ते बोलणे रुचले नाही. तिच्यासारखी खेळाडू जिच्याविरुद्ध चुकते, तिने तेथे काही तरी उभे केलेले असते.

फिडेने फेब्रुवारी २०२४ मध्ये मीर सुलतान खान यास मानद ग्रँडमास्टर हा किताब मरणोत्तर बहाल केला. १९६६ च्या एप्रिलमध्ये सरगोध्यात तो वारला, त्या वेळी फिडेचे गुणांकन अस्तित्वात नव्हते, आणि त्याच्या हयातीत त्याच्या नावापुढे अशी कोणतीही संख्या लागली नाही. हेस्टिंग्जच्या त्या डावातील एकविसाव्या खेळीनंतरची स्थिती पटावर मांडून नागपुरातील किंवा सांगलीतील एखादा मुलगा आज बसला, तर त्याला पुढे दिसेल ते इतकेच: पांढऱ्याची प्यादी कोठे आहेत, काळ्याचे हत्ती कोठे आहेत, आणि आता खेळी कोणाची आहे.